शेवटचा आकडा आठ

सोमवार, ३ फेब्रुवारी

आल्या आल्या पर्स फेकली, ती थेट चपलांच्या कपाटामागे गेली. अजून तिथेच आहे. राग उतरला की काढीन.

घड्याळसाहेबांनी सकाळी मला आणि भावोजींना केबिनमध्ये बोलावलं. (आमचे मोठे साहेब. बोलताना समोरच्याच्या तोंडापेक्षा स्वतःच्या मनगटाकडे जास्त बघतात, म्हणून हे नाव मीच ठेवलंय.) म्हणाले, डेटाबेस नव्या क्लस्टरवर गेला की तो सांभाळायला एकच माणूस पुरेल. तुमच्या दोघांपैकी एक. बदल कसा पार पडतो ते बघून ठरवू. झालं, बघितलं मनगटाकडे.

भावोजी म्हणजे माझे सख्खे धाकटे दीर. वरच्या मजल्यावर राहतात, पण रात्रीचं जेवण सगळ्यांचं खाली, आमच्याकडे. साहेबांच्या मागे लागून लागून मीच त्यांना ह्या ऑफिसात चिकटवलं होतं. आता एका खुर्चीवर दोघं.

आमचं काम तसं सरळ आहे. शहरभरच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासतात, त्याचे रिपोर्ट आमच्याकडे साठतात. डॉक्टरने नाव टाकलं की रिपोर्ट पुढ्यात आला पाहिजे, बस्स. इतकी वर्षं हे सगळं एका मशीनवर होतं आणि ते मशीन मी पोटच्या पोरासारखं सांभाळलं. आता ते भरलं. नवी तीन मशिनं आली आहेत, मिळून एक काम करणारी, त्यांनाच क्लस्टर म्हणतात; ती भावोजींनी उभी केलीत. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण जुन्या रिपोर्टांतलं त्यांना कळत नाही, म्हणजे फिट्टंफाट.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाल्या, "एकाचं राहिलं तरी घरातच राहील ना?" सासूबाईंचा हिशेब नेहमी असाच असतो. जाऊबाईंना दिवस गेलेत, त्या जेवून लवकर वर गेल्या. नवऱ्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज भावोजींनी जेवणाच्या टेबलावरच शिकवणी घेतली. तीन पेले ओळीने मांडले आणि त्यांच्यापुढे मिठाची बाटली ठेवली.

"वहिनी, हे तीन पेले म्हणजे तीन शार्ड. रिपोर्ट ह्या तिघांत वाटलेत. ही बाटली म्हणजे राउटर. खिडकीवरचा माणूस समजा. तुम्ही कायम त्याच्याशीच बोलायचं. तो तिघांकडचं गोळा करून आणतो. पेल्याशी थेट बोलायचं नाही."

"बोललं तर? पेला चावतो?"

"चावत नाही. फक्त तेवढ्याच पेल्यातलं दिसतं. आणि माणसाला वाटतं, हेच सगळं."

इतकं सोपं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मग ह्या बाटलीचा पत्ता सांगा, म्हणजे मी आत्ताच जोडून बघते. नवरा नेमका तेव्हा पाणी आणायला उठला. जग काठोकाठ भरलेला होता, तरी उठला. हल्ली फार विसरतो.

भावोजींनी तोंडीच सांगितलं. आधी मशीनचं नाव, दोन टिंबं, मग पोर्टचा, म्हणजे मशीनच्या दाराचा, आकडा. "शेवटी आठ," म्हणाले. मी म्हटलं, आठ म्हणजे आमच्या लग्नाची तारीख, विसरायची सोयच नाही. सगळे हसले. मी लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर पूर्ण ओळ टाइप केली, माझं नाव आणि पासवर्ड टाकला, आणि पहिल्या झटक्यात दार उघडलं! ओळीच्या सुरुवातीला एक नाव आणि एकचा आकडा आला. आपला पहिलाच क्लस्टर, म्हणून एक. मग रोज एवढं कोण टाइप करणार, म्हणून त्या ओळीला एक छोटं नाव देऊन ठेवलं.

स्पर्धा असताना दुसरा कुणी असता तर हात आखडता घेतला असता. रक्ताचं नातं नसूनही हा माणूस माझ्याशी असा वागतो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कालपासून लॅबचे नवे रिपोर्ट थेट क्लस्टरवर जायला लागलेत. जुन्या मशीनवरचे, फार जुने सोडून, उद्या तिकडे ओतले जातील. सोमवारी सकाळी मी मोजणी करायची, सगळं जागेवर आहे असं सांगायचं, आणि मग डॉक्टरांसाठी दार उघडायचं. म्हणजे किल्ली माझ्या हातात आहे.

संध्याकाळी कपडे वाळत घालायला गच्चीकडे निघाले तर जिन्यात दोघं भाऊ उभे. मला बघून बोलायचे थांबले. "काय खलबतं चाललीत?" म्हटलं, तर नवरा म्हणाला, "काही नाही गं, त्याच्या डोळ्यांचा नंबर वाढलाय, ते सांगत होता." नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे, सगळा गाव त्याला जिन्यात गाठून डोळे दाखवतो. पण मी काय दूधखुळी आहे? माझा वाढदिवस जवळ आलाय. मीही कळून न कळल्यासारखं केलं.

नंतर चहा त्याने केला. म्हणाला, "तू किती दमतेस. जरा थांबलीस तर काय बिघडेल? तुझ्यासारखीला कुठेही हसत काम मिळेल." इतक्या वर्षांत असं गोड बोललेला मला तरी आठवत नाही. मी म्हटलं, "काय रे, ताप आहे का तुला?"

सोमवार, १० फेब्रुवारी

ऑफिसच्या जेवणघरात बसून लिहितेय.

सकाळी जोडलं, मोजणी टाकली. आकडा आला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. असायला हवेत त्याच्या जेमतेम एक तृतीयांश रिपोर्ट. पुन्हा टाकली. तेवढेच. जुने तर जुन्या मशीनवर आहेत, ते परत ओतता येतील. पण शुक्रवार-शनिवारचे फक्त इथेच आले होते, आणि त्यांतलेही दोन वाटे गायब. छोट्या लॅबवाल्यांकडे स्वतःची प्रतसुद्धा नसते.

धावत भावोजींकडे गेले. त्यांनी माझा पडदा बघितला. चेहरा उतरला त्यांचा. म्हणाले, "वहिनी, हे लपवून चालणार नाही. तुम्ही आत्ताच्या आत्ता साहेबांना सांगा. मी तोवर शोधतो." माझ्या मनातलंच बोलले.

सांगितलं. हलकल्लोळ झाला. साहेब पहिल्यांदा मनगटाकडे न बघता बोलले. डॉक्टरांचं दार बंद ठेवलं, लॅबना फोन गेले, ज्यांचं तातडीचं होतं त्यांना पुन्हा रक्त द्यायला बोलावलं. एका लॅबमधल्या रक्त काढणाऱ्या बाईंनी मलाच फोन केला. म्हणाल्या, "अहो, एक आजोबा आलेत, त्यांची शीरच सापडत नाही. तीनदा टोचलं. ते विचारतात, शनिवारचं माझं रक्त तुम्ही काय सांडलंत का? काय सांगू?" मी म्हटलं, माझ्या वतीने माफी मागा. दुसरं काय सांगणार होते?

देवा, ते रिपोर्ट मिळू दे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मिळाले. गेलेच नव्हते.

साहेबांनी बाहेरून एक सल्लागार बाई बोलावल्या होत्या. उंच, बारीक, बोलणं मोजूनमापून. माझ्या लॅपटॉपवर काळ्या पडद्यातली ओळ वाचली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हा राउटर नाही. ह्या तर थेट एका शार्डला जोडल्या गेल्यात. राउटरचा पोर्ट सातवर संपतो." सात टाकून मोजणी लावली. सगळे रिपोर्ट हजर. एकही कमी नाही.

म्हणजे त्या आजोबांना उगाच टोचलं. सगळ्यांनाच उगाच.

साहेबांनी विचारलं, "हा पत्ता तुम्हाला कुणी दिला?"

भावोजी समोर बसले होते. मान खाली. आठ त्यांनीच सांगितला होता, लग्नाची तारीख मी विसरेन का? पण माणूस आहे, तीन मशिनं उभी करताना डोकं भंजाळतं, साताचा आठ होतो. आत्ता नाव घेतलं असतं तर साहेबांनी त्यांना उभं कापलं असतं. घरी पोटुशी बायको. मी म्हटलं, "माझ्याच हातून चुकलं असेल."

मला वाटलं होतं, ते तोंड उघडतील. उघडलंही. म्हणाले, "साहेब, वहिनींवर रागावू नका. त्यांचं आयुष्य जुन्या मशीनवर गेलंय. हे सगळं नवीन आहे त्यांना." वाक्य थोडं टोचलं. पण बाजूच घेतली म्हणायची.

साहेब म्हणाले, "राउटर कुठला आणि शार्ड कुठला हे ज्यांना कळत नाही, त्यांच्या हाती मी लोकांचे रिपोर्ट द्यायचे?" जेवणघरातून बाहेर येताना दोन मुली गप्प झाल्या. इतक्या वर्षांत मी अशी तोंडघशी पडले नव्हते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

नवऱ्याचा हा सगळा आठवडा माझ्याच मागेपुढे करण्यात गेला. दुकान लवकर बंद करून येतो, डोक्याला तेल लावून देतो. काल म्हणाला, "ते काढून टाकतील त्यापेक्षा आपण होऊन निघालेलं बरं. मान राहील." मी चिडले. म्हटलं, चूक माझी नाही, तुझ्या भावाची आहे, मी फक्त झाकली. तर म्हणाला, "मग झाकलीच आहेस तर पुरती झाक ना."

ह्याच्यात एवढा शहाणपणा कुठून आला?

आज राजीनामा लिहिला. पाठवायचं बटण दाबवेना. तो शेजारी बसला होता, माझं बोट हातात घेऊन हळूच दाबलं. मग मी रडले, तो चहा करायला गेला. वरून भावोजी आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, तुमचे उपकार मी फेडू शकणार नाही." बिचाऱ्याला आपली चूक कळलीय. मी म्हटलं, घरच्या घरात कसले उपकार. एवढं सगळं होऊन मन हलकं झालं होतं, खरंच सांगते.

गुरुवार, २० फेब्रुवारी

काम सोपवायचा आठवडा. जुनी मशीनबाई मी, माझ्याकडचं सगळं भावोजींना समजावून देतेय. ते वही घेऊन मान हलवतात.

दुपारी ते जेवायला गेले असताना मी एकटीच होते. सहज म्हणून ती जुनी ओळ चालवली, शेवटी आठवाली. बघावं तरी, कोणत्या पेल्यात तोंड घातलं होतं आपण.

दार उघडलं नाही. नाव-पासवर्ड मान्य नाही, म्हणे. माझं नाव, माझा पासवर्ड, तीच ओळ. सात टाकून बघितलं, लगेच उघडलं. पुन्हा आठ, पुन्हा नकार.

सल्लागार बाई अजून दोन दिवस आहेत. त्यांना जिन्यात गाठलं.

त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. राउटरमधून जाणाऱ्यांची नावं वेगळी ठेवलेली असतात, शार्डची स्वतःची वेगळी. तुमचं नाव त्या शार्डवर नाही, म्हणून आत घेत नाही."

"पण त्या दिवशी घेतलं होतं."

"मग त्या दिवशी होतं. कुणीतरी मुद्दाम घातलं असणार, आपोआप होत नाही ते." मग माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही बसता का जरा? पाणी आणू?"

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काल पुढे लिहवेना.

साताचा चुकून आठ झाला असता तर त्या बुधवारी जेवणाच्या टेबलावरच मला नकार आला असता. मी म्हटलं असतं, अहो भावोजी, उघडत नाही. ते म्हणाले असते, अरे हो, सात. संपलं असतं. पण उघडलं. पहिल्या झटक्यात. कारण माझ्यासाठी त्या एका पेल्यावर आधीच नाव घालून ठेवलं होतं. मी तोंडावर आपटले आणि ते नाव पुसलं. तीन मशिनांची किल्ली एकाच माणसाकडे आहे.

पेल्याशी थेट बोलायचं नाही, असं मला शिकवता शिकवता माझं तोंड त्याच पेल्यात घातलं. मिठाची बाटली पुढे ठेवून! आणि मी त्याची चूक समजून पांघरूण घालत बसले. केसाने गळा कापला माझा. आणि मी वर म्हटलं, घरच्या घरात कसले उपकार!

साहेबांकडे गेले होते. ऐकून घेतलं. म्हणाले, "पुरावा? आता तिथे नाव नाही असं तुम्हीच म्हणता. आणि त्या दिवशी माझ्यासमोर चूक कबूल कुणी केली?" मग मनगट.

आज नवऱ्याला सगळं सांगणार. भाऊ असला म्हणून काय झालं? हा ऐकेल ना, तर वरचा जिना दोन ढांगांत चढेल. कितीही थंड असला तरी अन्याय सहन होत नाही त्याला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सांगितलं. अगदी सुरुवातीपासून. तो दुकानातून आणलेल्या काचा पुसत बसला होता. मी आठ सांगितला, नकार सांगितला, नाव घालून पुसल्याचं सांगितलं. तो काच पुसत राहिला. एकच काच. मी म्हटलं, "अरे, ऐकतोयस ना? त्या आजोबांना तीनदा टोचलं. आणखी किती जणांना, देव जाणे."

तेव्हा म्हणाला, "रक्त परत काढतील असं त्याने मला सांगितलं नव्हतं."

मला आधी कळलंच नाही. त्यालाही नाही. मग त्याने काच खाली ठेवली.

"काय सांगितलं होतं त्याने तुला?"

"हेच. की तुझा आकडा कमी येईल, थोडी फजिती होईल, बास. कुणाचं नुकसान नाही. मी हो म्हटलं नाही. बघ बाबा, एवढंच म्हटलं." मग अगदी समजुतीच्या सुरात, "तुला कुठेही मिळेल गं. तू हुशार आहेस. त्याला नाही मिळणार दुसरीकडे. मूल येतंय."

म्हणजे मी हुशार, म्हणून मी जायचं. पाण्याचा जग भरलेला होता. जिन्यातले डोळे. तेल. चहा. माझं बोट धरून दाबलेलं बटण. सगळं एकदम अंगावर आलं. दीर परका, त्याने गळा कापला, समजू शकते. ह्याने डोकं मांडीवर घेऊन धरून ठेवलं.

ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. मी! जिचा आवाज वरच्या मजल्यावर जातो म्हणून आई रोज ओरडतात. शेवटी एवढंच विचारलं, "आणखी कुणाला माहीत आहे?"

म्हणाला, "आईला नाही सांगितलेलं. तिला कळू देऊ नकोस, प्लीज. ती सहन नाही करणार."

रविवार, २ मार्च

आठवडाभर ह्या घरात तोंडाला कुलूप लावून वावरले. शुक्रवारी ऑफिसातला शेवटचा दिवस झाला, फुलं दिली, घरी आणली नाहीत. मुलाखतीला एका ठिकाणी बोलावलंय. बॅग भरलीय, थोरल्या बहिणीकडे जाणार आहे. किती दिवसांसाठी, ते मलाच माहीत नाही.

आज दुपारी सगळे जेवायला खाली होते. तेच टेबल, तेच पेले. भावोजींचा फोन वाजला, बोलताना रंग उडाला. कुणाचं तरी उद्या ऑपरेशन आहे, डॉक्टरांना फार जुना रिपोर्ट हवाय, एवढा जुना की तो नव्या मशिनांवर ओतलेलाच नाही. जुन्या मशीनवरच आहे. मी सांगितलं होतं, वहीत लिहून घेतलं होतं त्यांनी, पण वही ऑफिसात.

फोन खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, त्या जुन्या मशीनला कसं जोडायचं?"

खोटं कशाला लिहू? चुकीचा आकडा माझ्या जिभेवर येऊन बसला होता. एकच आकडा इकडचा तिकडे. उद्या साहेबांसमोर ह्यांचा घाम बघायला मी काय दिलं नसतं! पण तिकडे कुणीतरी पलंगावर पडलेलं आहे, त्याचा माझ्या घराशी काय संबंध?

मी म्हटलं, "लॅपटॉप आणा. सांगते तसं टाका."

मशीनचं नाव सांगितलं. दोन टिंबं. पोर्टचा एकेक आकडा सुटा सुटा सांगितला. मग म्हटलं, "आता मोठ्याने वाचून दाखवा."

वाचला.

"पुन्हा. शेवटचा आकडा नीट म्हणा, भावोजी. शेवटच्या आकड्यावर फार असतं."

पुन्हा वाचला. आवाज कापत होता. जाऊबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. दार उघडलं, रिपोर्ट सापडला, डॉक्टरांना गेला. नवरा ताटात बघत होता. त्याच्या पेल्यात पाणी होतं, जगही भरलेला होता, तरी तो उठायला लागला.

"बस," मी म्हटलं.

बसला.

आई तिघांकडे आळीपाळीने बघत होत्या. शेवटी त्यांनी घास खाली ठेवला आणि मला विचारलं, "एवढं काय आहे गं त्या शेवटच्या आकड्यात?"

मी हात धुतले, दाराशी ठेवलेली बॅग उचलली.

"ह्या दोघांना विचारा, आई. दोघांनाही पाठ आहे."